आपला तक्ता कोणता?

(चार इमली येथील सभेत मंडळातर्फे केलेले भाषण)



आजचा विषय प्रयोगशाळेतला वाटेल, पण तो आपल्या घरचा आहे. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या रात्री विषारी वायूने या शहराचा घास घेतला. तात्काळ मृतांचा सरकारी आकडा २,२५९ होता. पुढे राज्य शासनाने ३,७८७ मृत्यू मान्य केले. त्यांतल्या कितीतरी जणांना ओळख न पटताच दफन वा अग्नी मिळाला. मातीआड होणाऱ्या एका बालकाचे छायाचित्र रघु राय आणि पाब्लो बार्थोलोम्यू यांनी टिपले. ते साऱ्या जगाने पाहिले, पण त्या बालकाचे नाव जगाला कळले नाही.

दैवगती पाहा. इंग्लंडात लेस्टर येथे अ‍ॅलेक जेफ्रीज यांना डीएनएवरून माणूस ओळखण्याची किल्ली सापडली ती १० सप्टेंबर १९८४ रोजी, म्हणजे त्या रात्रीच्या जेमतेम बारा आठवडे आधी! भारतात हे तंत्र हैदराबादला डॉ. लालजी सिंह यांनी उभे केले, पण त्याला आणखी काही वर्षे लागली.

आज ही ओळख कशी पटवतात? आपल्या डीएनएत काही ठिकाणी अक्षरांचा छोटा तुकडा पुनःपुन्हा येतो. कोणाकडे सात वेळा, कोणाकडे नऊ वेळा. प्रत्येक जागी एक आकडा आईकडून येतो, एक वडिलांकडून. अशा पंधरा-वीस जागा तपासतात. समजा एका जागेची जोडी दहांत एकाकडे आढळते आणि दुसरीची वीसांत एकाकडे. तर दोन्ही जुळणारा माणूस दोनशेंत एक. असे गुणत गेले की योगायोगाला जागाच उरत नाही. एकबीज जुळी भावंडे तेवढी अपवाद.

पण हे 'दहांत एक' कोणी ठरवले? त्यासाठी त्या त्या समाजातील, एकमेकांच्या नात्यात नसलेल्या माणसांचे नमुने घेऊन तक्ता करावा लागतो. महाराष्ट्रातील चार समाजांच्या पंधरा जागांचा अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. मध्य प्रदेशातील लोकांचे तक्ते सागरच्या राज्य न्यायवैद्यक प्रयोगशाळेतील संशोधकांनी केले आहेत.

आता आपण कोठे बसतो? आपल्यापैकी कोणाचे पूर्वज शिंदे-होळकर-पवारांबरोबर माळव्यात आले, कोणाचे वडील १९५६ साली नवे राज्य झाल्यावर नागपूरच्या सचिवालयातून भोपाळला आले. रेशनकार्ड इथले, सून मात्र नागपूर-पुण्याची. लग्ने ठराविक घरांत, काही ठिकाणी मामाच्या मुलीशीही. अशा लहान वर्तुळात एकच आकडा अनेकांकडे सापडतो. म्हणूनच अमेरिकेतील तज्ज्ञ समितीने १९९६ साली लहान, आपापसांत लग्न करणाऱ्या गटांसाठी हिशेबात जास्त सावधगिरी सुचवली होती.

घाबरण्याचे कारण नाही. नमुना चांगला असेल आणि वीस जागा पूर्ण मिळाल्या तर तक्ता बदलला तरी निकाल सहसा बदलत नाही. अडचण येते ती जळालेल्या, कुजलेल्या देहाच्या बाबतीत, जेव्हा पाच-सहाच जागा वाचता येतात. किंवा आईवडील हयात नसतात आणि चुलतभावाच्या रक्तावरून ओळख पटवायची असते. तेव्हा योग्य तक्ता नसेल तर परक्याचा देह आपला म्हणून हाती येईल, नाहीतर आपला माणूस बेवारस राहील.

आणखी एक बजावून सांगतो. या तक्त्यांवरून कोण कोणत्या जातीचा हे सिद्ध होत नाही. दोन समाजांतील फरकापेक्षा एकाच समाजातील माणसामाणसांतला फरक कितीतरी मोठा असतो. कुळाचा तोरा मिरवायला हे शास्त्र नाही.

आमचे म्हणणे थोडक्यात असे. २०२२ च्या कायद्याने अटकेतील व्यक्तीचे जैविक नमुने घेता येतात आणि त्या नोंदी ७५ वर्षे ठेवता येतात. पण बेपत्ता व्यक्ती आणि अनोळखी मृत यांच्या स्वतंत्र नोंदींची तरतूद ज्या डीएनए विधेयकात होती, ते २०१९ चे विधेयक जुलै २०२३ मध्ये मागे घेण्यात आले. म्हणजे आरोपीची नोंद आहे, हरवलेल्याची नाही! ही तरतूद पुन्हा आणावी. नमुने लेखी संमतीनेच घ्यावेत, नावे वेगळी ठेवावीत, दुसऱ्या कामासाठी ते वापरू नयेत. आणि प्रदेशातील जुन्या मराठी घरांचाही तक्ता व्हावा. तो करायला कोणी आले तर आपण दार लावून घेऊ नये.

या चार इमलीतल्या बंगल्यांत राज्याचा कारभार हाकणारी माणसे राहतात. आपला अर्ज त्यांच्या दारी न्यायला फार चालावे लागणार नाही. सह्यांचा कागद बाहेर मेजावर ठेवला आहे. जाताना सही करून जावे, ही नम्र विनंती.