दोन बोर्डांमधला सांधा

(संस्थेच्या विज्ञान मंडळापुढे दिलेले भाषण)



प्रदर्शनातली तुमची उपकरणे मी मघाशी पाहिली. हल्ली बहुतेक उपकरणे एका बोर्डाची नसतात. आर्डुइनो किंवा रास्पबेरी पाय हा एक बोर्ड, त्यावर मोटर चालवणारा दुसरा, शेजारी रिलेचा तिसरा. पद्धत चांगली आहे. एक बिघडला तर तेवढाच बदलता येतो. पण एक गोष्ट मला खटकली. कोणता आय.सी. का घेतला, हे प्रत्येकाने सांगितले. बोर्ड जोडणारा कनेक्टर असाच का, असे विचारले तेव्हा उत्तर मिळाले, "दुकानात तोच होता." एकेकाळी माझेही हेच उत्तर होते आणि त्याची किंमत दुसऱ्याने मोजली. म्हणून आज याच विषयावर बोलणार आहे.

कोकणात किनाऱ्यालगतच्या एका बर्फ कारखान्यासाठी मी नियंत्रण पेटी बनवली होती. आत एक मूळ बोर्ड आणि त्यात उभे खोचलेले तीन लहान बोर्ड. पिना सोन्याच्या मुलाम्याच्या होत्या. सॉकेट्स मात्र मी कथलाच्या मुलाम्याची घेतली. चार पैसे वाचले. सोल्डरिंगचे डाग माझ्याकडच्या एका तरुण मुलाने दिले होते. तीन महिने पेटी नीट चालली. मग रात्री-अपरात्री कॉम्प्रेसर आपोआप बंद पडू लागला. आम्ही जायचो, बोर्ड काढून पुन्हा बसवायचो, की चालू! पंधरा दिवसांनी पुन्हा तेच. माल खराब झाला तेव्हा शेठ माझ्यावर चिडले आणि मी त्या मुलावर. "चाचा, डाग नीट आहेत, तुम्ही भिंगातून बघा," असे तो म्हणत राहिला. मी बघितले नाही. त्याला कामावरून कमी केले.

मुलगा गेला, बिघाड राहिला. तेव्हा कुठे मी भिंग हाती घेतले. डाग उत्तम होते. सॉकेटच्या आत, पिन जिथे टेकते तिथे, काळे ठिपके दिसले. चांगल्या सांध्याचा विद्युतरोध मिलिओहममध्ये मोजतात, दहा-वीस असला तर ठीक. इथे मीटर कित्येक ओहम दाखवत होता आणि बोर्डाला टिचकी मारली की आकडा बदलत होता.

असे का झाले? आपल्या घरी तांब्या-पितळेच्या भांड्यांना कल्हई करतात, ते कथीलच. हवा लागताच कथलावर ऑक्साइडचा पातळ पण कडक थर येतो. पिन आत शिरताना तो थर फुटतो, खालचे मऊ कथील उघडे पडते आणि धातूला धातू भिडतो. दाब भक्कम असेल आणि सांधा हलत नसेल, तर हे वर्षानुवर्षे टिकते. पण यंत्राच्या थरथरीने, किंवा नुसत्या तापण्या-निवण्याने, पिन केसाच्या जाडीहूनही कमी अंतर मागेपुढे घासत राहते. प्रत्येक घासणीला ताजे कथील उघडे पडते, त्याचे ऑक्साइड होते आणि भुकटी तिथेच साचते. याला फ्रेटिंग म्हणतात. बोर्ड काढून बसवला की भुकटी बाजूला सरते आणि आपल्याला वाटते, दुरुस्त झाले. समोर सोने असेल तर आणखी वाईट. ती भुकटी सोन्याच्या कठीण पृष्ठावर चिकटते आणि सहज फुटत नाही. म्हणून सोन्याला सोने आणि कथलाला कथील, अशीच जोडी घ्यावी.

मग नेहमी सोनेच घ्यावे का? नाही. उपकरण टेबलावर स्थिर राहणार, क्वचितच उघडणार, तर कथील पुरते. फक्त त्याला दाब जास्त लागतो, प्रत्येक पिनेवर साधारण १०० ग्रॅम वजनाइतका. सोन्याचे निम्म्यात भागते. जिथे थरथर आहे, खारी हवा आहे, किंवा वीज अगदी थोडी वाहते, जसे सेन्सरच्या तारेत, तिथे सोने घ्या. पण सोने म्हणजे किती, हे विचारा. चांगल्या कनेक्टरवर निकेलच्या थरावर सुमारे पाऊण मायक्रॉन सोने असते. स्वस्तातल्यावर नुसती पिवळी झलक. शाळेतली मुले अशा पिना खोडरबराने घासतात. कृपा करून घासू नका, आहे तेवढेही निघून जाते.

कनेक्टर किती वेळा काढला-घातला तर चालेल, हेही कॅटलॉगमध्ये दिलेले असते. कारखान्यांतल्या रॅकमध्ये दिसणारा ९६ पिनांचा डिन ४१६१२ घ्या. त्याचे तीन दर्जे आहेत. पहिला ५०० वेळा, दुसरा ४००, तिसरा फक्त ५०. बाहेरून तिन्ही सारखेच दिसतात!

बोर्डाचे वजन पिनांवर टाकू नये. १९९२ साली पीसी/१०४ नावाचे मानक प्रसिद्ध झाले. त्यात बोर्डाची कडा खाचेत खोचण्याऐवजी पिना-सॉकेटची जोडणी घेतली, बोर्ड एकावर एक रचले आणि चारही कोपऱ्यांत स्पेसर घालून स्क्रूने आवळले. सांधा वीज वाहील, भार स्क्रू वाहतील. तुमच्या उपकरणांत मला हे स्क्रू फारच कमी दिसले. उलटा बसणारच नाही असा खाचेचा कनेक्टर तर एकाच मुलीने वापरला होता.

गणिताच्या विद्यार्थ्यांनी एक हिशेब करावा. प्रत्येक सांधा हजारात ९९९ वेळा चांगला निघतो असे धरा. असे १०० सांधे असतील, तर सगळेच्या सगळे चांगले असण्याची शक्यता जेमतेम ९० टक्के उरते. म्हणून नको तिथे कनेक्टर घालू नये, आणि वीजपुरवठा व ग्राउंड यांना एकेक नव्हे, दोन-तीन पिना द्याव्यात.

पालकांना एवढेच सांगतो, मुलगा वा मुलगी कनेक्टरसाठी थोडे जास्त पैसे मागेल तेव्हा कारण विचारा. नीट सांगता आले, तर द्या.

त्या मुलाच्या घरी मी पुढे गेलो होतो. तो मुंबईला दुसऱ्या कारखान्यात लागला होता. त्याच्या वडिलांनी मला बसवले, चहा दिला आणि त्या विषयावर एक शब्द काढला नाही. बर्फ कारखान्याचे ते सॉकेट मी आज सोबत आणले आहे. भिंगही आहे. डावीकडून चौथी पिन बघा.