परळच्या गोधडीचे आतले पदर

अंधेरी-बोरिवलीकर आणि घाटकोपर-मुलुंडकर श्रोतेहो, तुम्ही रोज गाडीने परळ मागे टाकून कोटात जाता. तिथल्या हाफकिन संस्थेची जुनी इमारत कधी पाहिलीत का? एकेकाळी ते मुंबईच्या गव्हर्नरचं गावाबाहेरचं घर होतं. कोटापासून पाचेक मैल लांब, झाडीतलं. आपल्या आजोबांना बोरिवली जेवढी दूर, तेवढं तेव्हा परळ.

जो तो म्हणतो, इंग्रजांनी बांधलेला बंगला. नाही हो! इंग्रजांनी तो बांधला नाही, पांघरला. आजीची गोधडी आठवा. वरचं लुगडं नवं दिसतं, पण चाचपलं की हाताला आतले जुने पदर लागतात. इथला आतला पदर जेझुइट पाद्र्यांच्या चर्चचा. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला ईस्ट इंडिया कंपनीने ती जागा त्यांच्याकडून काढून घेतली. १७७१ साली गव्हर्नर झालेला विल्यम हॉर्नबी तिथे राहायला गेला. जिथे प्रार्थना व्हायची, तिथे मेजवान्या झडू लागल्या. पुढे गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने दोन्ही अंगांना बांधकाम वाढवलं, म्हणजे गोधडीला किनार लावली.

खुद्द इंग्लंडातही असंच झालेलं आहे. आठव्या हेन्रीने मठ बरखास्त केले आणि लेकॉक, न्यूस्टेड अशा मठांच्या भिंतींतच जमीनदारांची घरं उभी राहिली. लेकॉकला मठाच्या ओवऱ्या अजून शाबूत आहेत. तिकडे लोक त्या मुद्दाम बघायला जातात. आपण मात्र दारावरून जातो आणि वर बघत नाही! म्हणून पुन्हा सांगतो, पाटी वाचून थांबू नका. बांधला नाही, पांघरला.

मग परळला गिरण्या आल्या, धूर आला. गव्हर्नर फर्ग्युसन यांची पत्नी याच घरात पटकीने गेली. काही वर्षांतच गव्हर्नरांनी मुक्काम मलबार पॉइंटला हलवला. घर ओस पडलं, पण फाटली म्हणून कोणी गोधडी फेकतं का? ठिगळ लावतं. प्लेगच्या साथीत तिथे रुग्ण ठेवले आणि १८९९ साली डॉ. हाफकिन यांची प्रयोगशाळा आली. प्लेगची लस त्यांनी १८९७ च्या जानेवारीत आधी स्वतःला टोचून घेतली होती. १९२५ पासून संस्थेला त्यांचंच नाव आहे.

वेळ संपत आली, पण एक राहिलं. चर्चच्याही आधीचं परळ. १९३१ साली तिथे रस्त्याचं काम चालू असताना शिवाचं प्रचंड शिल्प निघालं, सहाव्या शतकाच्या सुमाराचं. एका शिवातून दुसरा, त्यातून तिसरा उगवलेला. आज ते बारादेवीच्या देवळात आहे. त्या पदराविषयी खरं तर आधी बोलायला हवं होतं, पण आता—