पत्नीच्या व्हिसाची मुलाखत : लंडन कीं मुंबई?

विवाह पुण्यास झाला, पति न्यू जर्सीत राहतो आणि पत्नी लंडनमध्यें नोकरी करते, अशीं दांपत्यें आज महाराष्ट्रांतील सुशिक्षित समाजांत दुर्मिळ राहिलेलीं नाहींत. पति अमेरिकेचा नागरिक असला, म्हणजे पत्नीस तेथें कायम राहण्याचा परवाना मिळावयाचाच, कागद तेवढे भरावयाचे, असा घरच्या मंडळींचा समज असतो. कागद भरले जातात. आणि मग प्रश्न उभा राहतो, कीं व्हिसाची मुलाखत द्यावयाची कोठें? लंडनला, कीं मुंबईस? वरवर पाहतां हा प्रवासखर्चाचा प्रश्न दिसतो. परंतु त्या दांपत्याचें पुढील वर्ष कसें जावयाचें, हें पुष्कळसें त्याच्या उत्तरावर अवलंबून असतें.

ही मुलाखत परदेशांत कां होते, हें प्रथम पाहिलें पाहिजे. विसाव्या शतकाच्या आरंभीं अमेरिकेस स्थायिक होण्यास निघालेल्या माणसाची खरी परीक्षा होई ती बंदरावर. न्यूयॉर्कजवळचें एलिस बेट त्यासाठींच प्रसिद्धीस आलें. समुद्र ओलांडून आलेलीं माणसें तेथून परत पाठविलीं जात आणि कुटुंबांची ताटातूट होई. १९२४ च्या कायद्यानें ही परीक्षा समुद्राच्या अलीकडे आणली. प्रवाशानें घर सोडण्यापूर्वींच अमेरिकन कॉन्सलकडून व्हिसा मिळविला पाहिजे, असा दंडक पडला. हिंदी माणसास त्या काळीं तो मार्गही बहुतेक बंदच होता. १९४६ च्या कायद्यानें दार किलकिलें झालें, तेंही वर्षाला अवघ्या शंभर जणांपुरतें. आज अमेरिकन नागरिकाच्या पति वा पत्नीस अशी संख्येची मर्यादा नाहीं. तथापि कॉन्सलची सत्ता मात्र कायम आहे. त्यानें व्हिसा नाकारला, तर न्यायालयें सामान्यतः त्या निर्णयांत हात घालीत नाहींत. आणि परकीय जोडीदारास देशांत आणणें हा नागरिकाचा मूलभूत हक्क नव्हे, असा निर्णय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें २०२४ सालीं दिला आहे. तेव्हां ही मुलाखत म्हणजे केवळ उपचार, असें कोणीं समजूं नये.

मुलाखतीच्या स्थळाचा विचार शेवटीं करावयाचा नसतो. पति जो पहिला अर्ज करतो, त्यांतच पत्नी कोणत्या शहरांतील वकिलातींत व्हिसा मागणार, हें विचारलेलें असतें. तो अर्ज मंजूर झाला, कीं प्रकरण न्यू हॅम्पशायरमधील राष्ट्रीय व्हिसा केंद्राकडे जातें. शुल्क आणि कागदपत्रें तेथें पोंचतात आणि तेथूनच तारीख नेमली जाते. १ नोव्हेंबर २०२५ पासून या केंद्राचा नियम असा आहे, कीं मुलाखत अर्जदाराच्या वास्तव्याच्या देशांत व्हावी, अथवा त्यानें विनंती केल्यास त्याच्या नागरिकत्वाच्या देशांत. ज्या देशाशीं आपला कांहींच संबंध नाहीं, तेथें केवळ तारीख लवकर मिळते म्हणून जाण्याची वाट अपवाद वगळतां आतां बंद झाली आहे. म्हणजे वर वर्णिलेल्या पत्नीपुढें पर्याय दोनच: वास्तव्य म्हणून लंडन, अथवा नागरिकत्व म्हणून मुंबई.

या दोहोंची तुलना करतांना पुष्कळ जण कागदांचा हिशेब मांडतात. त्यांत फारसा अर्थ नाहीं. स्थळ कोणतेंही असो, पोलिसांचे दाखले ब्रिटनचे आणि भारताचे असे दोन्ही आणावे लागतातच. विवाहाचा दाखला केवळ मराठींत असल्यास त्याचें प्रमाणित इंग्रजी भाषांतरही दोन्ही ठिकाणीं जोडणें शहाणपणाचें. वैद्यकीय तपासणी मात्र जेथें मुलाखत, त्या देशांतील वकिलातीनें नेमलेल्या डॉक्टरांकडेच करावी लागते. म्हणून लंडनहून एका दिवसासाठीं मुंबईस येऊन काम उरकूं, हा बेत सहसा साधत नाहीं.

खरा भेद दिसतो तो मुलाखतीनंतर. कॉन्सल बहुधा त्याच दिवशीं निर्णय सांगतो. परंतु कधीं आणखी कागद मागतो, कधीं अधिक चौकशीसाठीं प्रकरण राखून ठेवतो. ही चौकशी दोन आठवड्यांत संपेल कीं अनेक महिने चालेल, हें कोणासही आधीं सांगतां येत नाहीं. त्या अवधींत पत्नीनें राहावयाचें कोठें, आणि कोणाच्या पैशावर?

समजा, तारीख लागल्याच्या आनंदांत तिनें लंडनची नोकरी सोडली, भाड्याचें घर रिकामें केलें, मुंबईस येऊन मुलाखत दिली आणि प्रकरण अडकलें. ब्रिटनमधील तिचा कामाचा परवाना त्या एका मालकाशीं बांधलेला असतो. नोकरी सुटल्यावर त्याची मुदत सर्वसाधारणपणें साठ दिवसांवर आणली जाते. मग परतीची वाटही राहत नाहीं. तीच जर नोकरींत राहून लंडनला मुलाखत देईल, तर लांबलेला काळ तिला पगारावर काढतां येईल. उलटपक्षीं, तिच्या नोकरीची मुदतच चार महिन्यांत संपावयाची असेल, तर लंडनचा हट्ट धरणें धोक्याचें. तिच्यासाठीं पुण्याचें माहेर हाच सुरक्षित आसरा होय. मायदेशांतून तिला जा म्हणणारें कोणी नाहीं. आणि २०११ पासून वांद्रे-कुर्ला संकुलांत असलेली मुंबईची वकिलात तेथून कांहीं तासांच्या अंतरावर आहे.

म्हणून अशा कुटुंबांत पहिला प्रश्न 'तारीख लवकर कोठें मिळेल?' हा नसावा. 'उत्तर लांबलें, तर निर्वेधपणें आणि स्वाभिमानानें कोठें राहतां येईल?' हा असावा. त्याचें उत्तर ठरलें, कीं मुलाखतीचें स्थळ आपोआप ठरतें. तें एकदां ठरल्यावर वारंवार बदलूं नये. बदलणें भागच पडलें, तर विनंती वकिलातीकडे न करतां व्हिसा केंद्राकडे करावी.

आणि एक पथ्य दोन्ही ठिकाणीं सारखेंच पाळावें. व्हिसा साधारणपणें सहा महिन्यांपर्यंत चालतो. मात्र वैद्यकीय तपासणीची मुदत आधीं संपत असेल, तर तोही तेव्हांच संपतो. म्हणजे तो हातीं आल्यावर निरवानिरवीस पुरेसा वेळ मिळतो. पारपत्रावर तो उमटलेला डोळ्यांनीं पाहीपर्यंत राजीनामा देऊं नये, घर सोडूं नये आणि विमानाचें तिकीट काढूं नये. न्यू जर्सीत वाट पाहणाऱ्या पतीस हे चार महिने लांब वाटतील. पण आपल्या पत्नीच्या डोक्यावर छप्पर आहे, हें ठाऊक असलेल्या माणसाला वाट पाहणें पुष्कळ सोपें जातें.