धायटीला अंगणात जागा द्या

दुपारची कामं आवरून जरा टेकला असाल. आज कर्जाचा हप्ता नाही, ठरावाची वही नाही. आज बोलायचं आहे एका झुडपाविषयी. त्याचं नाव धायटी. कुणी धायफूल म्हणतं, आयुर्वेदात तिला धातकी म्हणतात. भोर, मुळशी, मावळातल्या डोंगराकडेच्या बायांना ती ठाऊक आहे. पण बागेत मुद्दाम लावलेली धायटी तुमच्यापैकी किती जणींनी पाहिली आहे? मी गटांच्या बैठकांसाठी गावोगाव फिरते. अंगणात जास्वंद दिसते, क्रोटन दिसतो, बोगनवेल तर असतेच. धायटी मला एकाही अंगणात दिसलेली नाही.

हे दिवस तिच्या फुलण्याचे. पौषापासून चैत्रापर्यंत ती फुलते. डोंगराचं गवत वाळून पिवळं पडलेलं असतं, तेव्हा घाटरस्त्याच्या कडेला, मुरमाड उतारावर ही कमरेपासून डोक्याच्या वरपर्यंत वाढणारी झुडपं लाल होतात. फांद्या कमानीसारख्या वाकलेल्या आणि त्यांना बोटाच्या पेराएवढ्या लाल नळ्यांचे घोस. ती लाल नळी म्हणजे पाकळी नव्हे बरं का. पाकळ्या अगदी बारीक असतात, पटकन दिसतही नाहीत. लाल असतो तो खालचा पेला, म्हणूनच रंग लवकर उतरत नाही. गुलाब दोन दिवसांत माना टाकतो, ही कितीतरी दिवस लाल राहते. नळीत मध असतो. शिंजीर पक्षी सकाळपासून तिथे चोच घालत असतात, मधमाश्याही येतात. शेताच्या बांधावर मधमाशी येणं म्हणजे आपल्या भाजीपाल्याच्या फळधारणेला मदतच.

तिचं गणगोतही मोठं आहे. मेंदी, डाळिंब आणि आपलं राज्यपुष्प ताम्हण, ही सगळी धायटीच्याच कुळातली. मेंदीला आपण कुंपणात जागा दिली, डाळिंबाच्या तर बागाच केल्या. हिला मात्र डोंगरावरच ठेवलं.

आता पैशाचं बोलू. अशोकारिष्ट, दशमूलारिष्ट आपल्यापैकी अनेकींनी बाळंतपणानंतर किंवा अंगावर जात असताना घेतलेलं असेल. त्यात धायटीची वाळलेली फुलं असतात. आसवं-अरिष्टं आंबवण्यासाठी ती लागतात. फुलांच्या मधासोबत आंबवणारे सूक्ष्म जीव काढ्यात जातात आणि काढा आंबू लागतो. (हे ऐकून घरी बरणीत औषध घालू नका. ते वैद्यांचं काम आहे.) म्हणून या फुलांना गिऱ्हाईक आहे. आमच्या गटातल्या काही जणी उन्हाळ्याच्या तोंडावर डोंगरावर जाऊन फुलं गोळा करतात. उन्हात दिवसभर फिरायचं, वाळवायचं, आणि वाळल्यावर पोतं हलकं होतं. व्यापारी सांगेल तो भाव. त्यातून घाई होते. घाईत फुलं खुडण्याऐवजी फांदीच ओरबाडली जाते. सगळी फुलं गेली की बोंड धरत नाही आणि बोंड नाही तर बी नाही. त्या उतारावर नवं रोप येणार कुठून? दोष बायांचा नाही. पोटासाठी डोंगर चढणारीला व्याख्यान देऊन काय उपयोग? पण घराजवळ, बांधावर आपलीच दहा झुडपं असली, तर निवांत खुडता येईल, निम्मी फुलं झाडावर ठेवता येतील.

दुसरी गोष्ट बागांची. घाणेरी, जिला आपण टणटणी म्हणतो, ती बागेची शोभा म्हणून 19 व्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिका खंडातून भारतात आणली गेली. आज ती आपल्या रानात किती माजली आहे, ते सरपणाला जाणाऱ्या बाईला विचारा. परकं झाड म्हणून नाक मुरडायचं असं माझं म्हणणं नाही. तसं केलं तर ताटातली मिरचीसुद्धा परत करावी लागेल. पण शोभेसाठी झाड हवं असेल तर डोंगरावर पाणी न घालता फुलणारं आपलं झुडूप आधी का आठवू नये?

लावायचं कसं? जंगलातून रोपं उपटून आणू नका. त्याने डोंगर उघडा पडतो आणि मोठं रोप बहुधा जगतही नाही. बी धरा. बी फार बारीक असतं. चाळलेली माती आणि वाळू सारखी करून तिच्यावर नुसतं भुरभुरवा. वरून मातीचा जाड थर नको. झारीची धारही नको, बी वाहून जाईल. ट्रे पाण्यात ठेवून खालून ओल द्या. रोपं हाताला लागण्याजोगी झाली की पिशवीत हलवा. पावसाळ्याच्या सुरुवातीला जमिनीत लावा, दोन रोपांत चार-पाच फूट अंतर ठेवा. ऊन भरपूर हवं. पाणी साचणारी जागा अजिबात नको. आणि छाटणी दिवाळीच्या साफसफाईत करू नका, कारण फुलं जुन्या फांद्यांवर येतात. फुलं-बोंडं संपली की पावसाआधी कात्री लावा.

आमच्या गटात रोपवाटिकेचा विषय निघाला तेव्हा एक मावशी म्हणाल्या, "अगं, डोंगरावर फुकट मिळतं ते विकत कोण घेईल?" प्रश्न खरा आहे. गावातलं कुणी घेणार नाही. पण पुण्यात बंगल्यांच्या बागा आहेत, शाळांची आवारं आहेत, फार्महाउसवाले तर आपल्याच गावात कुंपणं घालत आहेत. त्यांच्यापैकी पुष्कळांना देशी झाडं हवी असतात आणि नेहमीच्या रोपवाटिकेत क्रोटनच्या रांगा दिसतात. फुलं विकताना भाव व्यापारी ठरवतो. रोप विकताना भाव आपण सांगू. मावशींचं अजून पूर्ण पटलेलं नाही, पण पिशव्या भरायला त्या येणार आहेत.

बोंडं उन्हाळ्यात तपकिरी होतात. फुटायच्या आधी काढा, सावलीत वाळवा आणि बैठकीला येताना कागदाच्या पुडीतून आणा. प्लॅस्टिकच्या पिशवीत नको, बुरशी येते. पुडीवर गावाचं नाव मात्र लिहा.