अक्षरे हलतात, असे मूल सांगते तेव्हा

ओळी हलतात, अक्षरे धूसर होतात, डोके दुखते, असे म्हणून मूल पुस्तक मिटते तेव्हा त्याच्यावर अभ्यास टाळण्याचा शिक्का बसतो. त्या मुलावर आधी विश्वास ठेवायला हवा. न्यूझीलंडमधील शिक्षिका ऑलिव्ह मिअर्स यांनी १९८० साली अशा तक्रारींची नोंद केली. पांढऱ्या कागदावरील काळी छपाईच काही मुलांना सोसत नव्हती. मानसशास्त्रज्ञ अर्नोल्ड विल्किन्स आणि सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये यामागची मज्जासंस्थेची बाजू मांडली. ठळक, सारख्या अंतरावरच्या पट्ट्या पाहताना अनेकांना अस्वस्थ वाटते, अर्धशिशी असणाऱ्यांना तर अधिकच. अपस्माराच्या काही रुग्णांना त्यामुळे झटकाही येऊ शकतो. छापील पानावरच्या ओळी म्हणजे अशाच पट्ट्या. मेंदूचा दृष्टीशी निगडित भाग त्यांनी अतिउत्तेजित होतो, असे विल्किन्स यांचे म्हणणे. या त्रासालाच दृश्य ताण म्हणतात.

प्रश्न उपायांचा आहे. कॅलिफोर्नियाच्या हेलन अर्लन यांनी १९८३ मध्ये रंगीत फिल्टरचा उपाय मांडला आणि रंगीत पारदर्शक कागद, रंगीत चष्मे जगभर पोहोचले. रंगीत कागद ठेवल्यावर बरे वाटते, असे मुलेच सांगतात, मग शंका कशाला? शंका यासाठी की नव्या वस्तूचा हुरूप आणि मोठ्यांची अपेक्षा यांनीही बरे वाटते. एडिंबरातील संशोधकांनी २०११ मध्ये मुलांसाठी ठरवलेला रंग, दुसराच रंग आणि बिनरंगी कागद यांची तुलना केली. वाचनाच्या वेगात फरक पडला नाही. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञ आणि नेत्रतज्ज्ञांच्या संघटनांनी २००९ मध्येच रंगीत भिंगांच्या उपचाराला पुरेसा आधार नसल्याचे सांगितले होते.

म्हणून तक्रार खोटी ठरत नाही. डोळ्यांना आराम मिळणे वेगळे आणि वाचता येणे वेगळे. २००७ च्या ‘तारे जमीन पर’ या चित्रपटाने डिस्लेक्सिया या वाचनाच्या अडचणीबद्दल आपल्याकडे मोठी जाग आणली, पण नाचणाऱ्या अक्षरांचे चित्रही मनात घट्ट बसवले. डिस्लेक्सियाची मुख्य अडचण अक्षर आणि ध्वनी यांची सांगड घालण्यात असते. अक्षरे हलल्याची तक्रार आली की आधी नेत्रतपासणी करावी. चष्म्याचा नंबर किंवा जवळचे पाहताना दोन्ही डोळे नीट न जुळणे यांमुळेही हीच लक्षणे दिसतात आणि त्यांवर इलाज आहे. टाईप मोठा, ओळींत मोकळी जागा, बाकीच्या ओळी झाकणारे पुठ्ठ्याचे कार्ड, एवढे तर कोणत्याही शाळेला जमेल. रंगीत कागद मुलाला आवडत असेल तर खुशाल वापरू द्यावा. त्याच्या भरवशावर अक्षर-ध्वनीचा रोजचा सराव मात्र थांबवू नये.