'कट' म्हटल्यावरची पाच सेकंदं

दिग्दर्शक 'कट' म्हणतो आणि कॅमेरामनचं बोट त्याच क्षणी बटणावर जातं. माझी बरीचशी हयात एडिटिंग टेबलावर गेली, आणि त्या बोटावर माझा जुना राग आहे.

एका माहितीपटात एक आजी शेवटचं वाक्य बोलल्या आणि त्यांचा हात पदराकडे गेला. तिथेच शॉट संपला. पदर डोळ्यांपर्यंत पोचला की नाही, कोण जाणे! शेवटी मी तिथे उंबऱ्यापाशी काढून ठेवलेल्या चपलांचा शॉट लावला. बाकीचे चहा पीत असताना त्याच कॅमेरामनने तो घेऊन ठेवला होता. त्यामुळे राग निम्मा तरी गेला.

शिंपी शिवणीत बोटभर कापड सोडतो, तसं शॉटच्या दोन्ही टोकांना सोडावं लागतं. एक सेकंदाचा डिझॉल्व्ह करायचा, म्हणजे एक शॉट विरत असताना दुसरा उमटवायचा, तर टीव्हीच्या हिशेबाने दोन्ही शॉटच्या 25-25 फ्रेम एकमेकींवर येतात. त्या नसतील तर एडिटर आणणार कुठून?

जुन्या कॅमेरामनची काटकसर मला समजते. 35 मिलिमीटरचा 400 फुटी रोल साडेचार मिनिटांत संपायचा आणि फिल्मला पैसे पडायचे. आता मेमरी कार्ड आलं आणि नेमकं उलटं झालं. बंदच करत नाहीत! जमिनीचं, स्वतःच्या बुटांचं तासन् तास चित्रण येतं, आणि ते बघायचं कुणी? हा आळस त्या काटकसरीपेक्षा वाईट, असं माझं स्पष्ट मत आहे.

क्लॅपमधल्या, म्हणजे शॉटच्या सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर पाटीच्या फळ्या आपटतात त्यातल्या, हलगर्जीचा त्रासही एडिटरलाच. फळ्या मिटलेली फ्रेम आणि 'टक्' हा आवाज जुळवला की चित्र नि ध्वनी जुळतात. पण फळ्या चौकटीबाहेर मिटल्या तर ओठ बघत बसावं लागतं. सुरुवातीचा क्लॅप राहून गेला, तर शेवटी पाटी उलटी धरून द्यावा. उलटी पाटी दिसली की एडिटरला कळतं, हा शेवटचा.

तुमच्यापैकी कुणी उद्या घरातलं लग्न किंवा शाळेचं गॅदरिंग चित्रित करणार असेल, तर एवढं करा: प्रसंग संपला असं वाटलं की हात न हलवता मनात पाचपर्यंत मोजा, आणि मगच बटण दाबा.