आकाशातील तार आणि जमिनीतील आरे



महापुरात किंवा वादळात वीज, टेलिफोन आणि मोबाईलचे मनोरे एकाच वेळी बंद पडले, तर गावाचा निरोप तालुक्याला कसा पोहोचावयाचा? २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत अंदमान-निकोबार बेटांवर हाच प्रश्न उभा राहिला. हौशी रेडिओ केंद्र चालविण्यासाठी त्या वेळी पोर्ट ब्लेअरला गेलेल्या श्रीमती भारती प्रसाद व त्यांच्या सहकाऱ्यांनी आपल्या यंत्रांवरून बेटांवरील लोकांचे निरोप मुख्य भूमीवर पोहोचविले.

पुणे जिल्ह्यास ही विद्या परकी नाही. १९२७ साली भारत व इंग्लंड यांच्या दरम्यान लघुलहरींवरील बिनतारी सेवा सुरू झाली. तिचे संदेश खडकीहून प्रक्षेपित होत आणि तिकडून येणारे संदेश बारामतीशेजारच्या दौंड येथे घेतले जात. उंच मनोऱ्यांवर टांगलेल्या तारा हेच तेथील आकाशक होते.

हौशी केंद्राचे आकाशक याच तत्त्वावर, पण अल्प खर्चात उभे राहते. ७.१ मेगाहर्ट्झसाठी सुमारे २० मीटर तांब्याची तार घ्यावी, ती मधोमध तोडून दोन्ही अर्धांना केबल जोडावी आणि दोन झाडांमध्ये पाचसहा मीटर उंचीवर ताणावी. लहरी वर जाऊन आकाशातील विद्युत्भारित थरावरून परततात व दिवसा काही शे किलोमीटरच्या परिघात ऐकू येतात.

झाडे नसतील तर बांबूच्या आधाराने १० मीटर तार उभी करता येते. मात्र अशा तारेचा दुसरा अर्धा भाग जमीन असते. जमिनीतून परतणारा प्रवाह मातीत उष्णतेच्या रूपाने वाया जाऊ नये, म्हणून तारेच्या पायथ्यापासून बैलगाडीच्या चाकाच्या आऱ्यांप्रमाणे चोहोबाजूंनी तारा पसरतात. त्यांची लांबी काटेकोर असण्याची गरज नाही. मोजक्या लांब तारांपेक्षा पुष्कळ आखूड तारा अधिक उपयोगी पडतात.

सोमेश्वरनगर परिसरातील कालव्याच्या पाण्यावरील काळी माती ओल धरते. त्यामुळे ती कोरड्या मुरमाड माळापेक्षा चांगली विद्युत्वाहक ठरते. परंतु उन्हाळ्यात हीच माती भेगाळते आणि भूसंपर्काच्या सळईपासून सुटते. केवळ एका सळईवर विसंबणे म्हणूनच योग्य नव्हे. उसाच्या रानात पुरलेल्या तारा नांगराने तुटतात. त्या शाळेच्या आवारात चार बोटे खोल पुराव्यात.

आकाशक विजेच्या तारांजवळ कदापि उभारू नये. वळवाचे ढग दाटण्यापूर्वी केबल यंत्रापासून सोडवावी. प्रक्षेपणासाठी केंद्र शासनाची परीक्षा व परवाना आवश्यक आहे. केवळ ऐकण्याचा सराव मात्र शाळेतील विद्यार्थ्यांनाही करता येईल.

आपत्तीच्या दिवशी तार विकत मिळेल, पण ती वापरण्याचा सराव मिळणार नाही. विज्ञानाचे एक शिक्षक, परवाना मिळविण्यास तयार असलेले दोन तरुण आणि शाळेच्या आवारातील थोडी जागा एवढ्यावर ग्रामपंचायतीला ही सिद्धता आजच करता येण्याजोगी आहे. पुराच्या रात्री गाव मुके राहणार की बोलणार, हे त्या आधीच्या शांत दिवसांतील कामावर ठरते.